निपल सोडलं, तरी चाक सुटेना

सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट ठरलेलाच. गेल्या श्रावणात परत कराडला येताना घाटमाथ्यावर चहाला थांबलो. दार उघडल्याबरोबर बायको म्हणाली, "केस जळल्यासारखा वास येतोय बघा." पाऊस बारीक चालू होता. गाडीभोवती फिरलो, तर तीन चाकांवरून पाणी निथळत होतं आणि मागच्या डाव्या चाकाची रिम ठणठणीत कोरडी. थेंब पडला की चुर्र.

घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपासून वर चढताना ब्रेकवर पाय असा कितीसा लागतो? उतरताना चाक तापलं असतं तर मी दोष घाटावर ढकलून मोकळा झालो असतो. चढताना तापलं म्हणजे ब्रेक न दाबताच धरून बसलाय.

गाडी २००८ची. अण्णांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेली मोठी डिझेल एसयूव्ही. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं डबडं; त्याला आतून लायनर घासले की चाक थांबतं. मागून आवाज तर वर्षभर येतच होता. हळू चालवताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'किर्र', आणि ब्रेक दाबला की पायाला जाणवेल असा एक 'टक्'. एका गॅरेजात आठ महिन्यांत दोनदा लायनर बदलले. दुसऱ्या वेळी मी कुरकुरलो तर मिस्त्री म्हणाला, "नवीन लायनर हाय सर, बसायला टाइम लागतोय." हँडब्रेक सैल लागतो म्हटल्यावर त्याने तिथल्या तिथे केबल आवळून दिली. माझं समाधान झालं. पुढचा सगळा घोळ त्या आवळण्यातून वाढला, हे मला तेव्हा कुठलं कळायला!

रविवारी दारातच गाडी जॅकवर घेतली. पुढच्या चाकांना दगड, अ‍ॅक्सलखाली स्टँड (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. आधी उजवं चाक फिरवून बघितलं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हाताने चाक फिरवताना शाफ्टही फिरतो, थोडं जड लागणारच. ते 'थोडं' किती, हे चांगल्या बाजूवरून कळतं. डावं मात्र दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा कुठे पाव फेरा हललं.

आता खरी परीक्षा. चाक जाम असताना ब्रेकचं निपल, म्हणजे ऑईल आणि हवा काढायचा छोटा स्क्रू, जरासा सोडायचा. दाबाने ऑईल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दोष ऑईलच्या वाटेवर: आतून फुगलेला रबरी पाइप, नाहीतर पॅडल दाबल्यावर ऑईलला दाब देणारा मास्टर सिलिंडर. मी निपल सोडलं. ऑईल चहाच्या रंगाचं निघालं, पण नुसतं पाझरलं. चाक जिथल्या तिथे. म्हणजे ऑईलचा दाब सुटला आणि पकड तशीच राहिली. मग गाडीखाली सरपटत जाऊन हँडब्रेकच्या केबलचा नट सोडला. तरीही नाही. पण केबल हाताने ओढली तर ती मागे जाईचना. जिथे खेचली तिथेच थांबली.

ड्रम निघेना. त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात दोन बोल्ट सारखे आवळत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर येतो. हातोडा मारायची गरज नाही. आतली धूळ मी पाण्याने भिजवून पुसली. जुन्या लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्यामुळे गॅरेजात हवा मारून धुरळा उडवतात तेव्हा मी चार पावलं लांब जातो.

लायनर ज्या लोखंडी कमानींवर बसवतात ते शू. शूच्या मागे हँडब्रेकचा एक लिव्हर असतो, तो पूर्ण मागे टेकलेला हवा. माझा बोटभर पुढेच अडकलेला. केबलचं टोक त्यातून काढलं आणि लिव्हर खट्‌कन मागे गेला. केबलचं वरचं कव्हर अ‍ॅक्सलपाशी फाटलेलं, आत पाणी जाऊन तार गंजलेली. त्यात वरून ती आवळलेली. लिव्हर कायम पुढे, म्हणून शू कायम थोडे उघडे. तरी ड्रम बसावा म्हणून दर वेळी अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू) मागे घेतला जायचा. पॅडल का खाली जायला लागलं होतं, तेही इथेच उमगलं. आधी शू अ‍ॅडजस्ट करायचे आणि सगळ्यात शेवटी केबल, इतकाच तर क्रम आहे.

'किर्र' याच घासण्याचा. 'टक्'चं मूळ मात्र वेगळं निघालं, आणि इथेच मी वर्षभर फसलो होतो. दोन आवाज म्हणजे एकच रोग, असं धरून चाललो होतो. शू ज्या पत्र्यावर टेकून सरकतात त्या बॅक प्लेटवर जरा उठलेल्या सपाट जागा असतात. नखाने चाचपलं तर तिथे चर पडलेले. शू चरात अडकायचा, ब्रेक दाबला की उडी मारून बाहेर यायचा. यात नवे लायनर काय करणार? वेल्डिंगवाल्याकडून चर भरून घेतले, कानसीने सपाट केले, वर तापमान सोसणाऱ्या ग्रीसचं जेमतेम बोट. लायनरला लागेल इतकं नाही.

दोन्ही केबल नव्या टाकल्या, ऑईल बदललं, एअर काढली. ड्रमवर आतला कमाल व्यास कोरलेला असतो, म्हणून ड्रम लेथवाल्याकडे मोजून घेतला. अजून त्या मापात बसत होता, म्हणून वाचला. एकूण खर्च दुसऱ्या लायनरच्या बिलापेक्षा कमीच.

आता पावसात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवत नाही, ओले शू ड्रमला गंजून चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये उभी करतो आणि चाकाखाली गुटका. अण्णांचा जुना गुटका मीच मागे कधीतरी अडगळ म्हणून फेकला होता. नवा बाभळीचा करून आणला, तो हातात फिरवून बघत अण्णा म्हणाले, "विकत कशाला आणलास? माळ्यावर सागाचा तुकडा होता की."