माझंच ठिगळ

मे अखेरीला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी खाली जातं आणि एरवी पाण्यात असलेल्या बोटींची बुडं उघडी पडतात. साताऱ्यात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, शेड हे रोजचं. पण बामणोली-तापोळ्याकडची बोटींची कामंही वर्षाला चार-दोन येतात.

त्या दिवशी आबांचा फोन आला. "मिस्त्री, बोटीला मोठं इंजिन टाकायचंय. वासोट्याला जाईस्तोवर माणसं कटाळत्यात. पोरगं म्हणतंय नवी फायबरचीच घिऊ. तुमी या आन् त्याला जरा समजवा."

म्हणजे निकाल आधीच लागला होता, मी फक्त शिक्का मारायला जायचं.

बोट काठावर गाळात कलती पडली होती. पंचवीस फुटी, चार एमएमचा पत्रा. इंजिनाचं मी उभ्या उभ्याच सांगितलं. ही पाणी कापत जाणारी जड बोट, पाण्यावर उचलली जाणारी नव्हे. ताशी बारा किलोमीटरच्या आसपास गेली की स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते. पुढं दुप्पट एचपी लावा, डिझेल जळेल, लाट मोठी उठेल, वासोटा काही जवळ येणार नाही. आबांना पटलं नाही. पोरगा गालात हसला.

मग फळ्या उचलल्या. खाली काळं पाणी, डिझेलची साय, गुटख्याच्या पुड्या. सगळं उपसून पुसून घेतलं आणि हातोडीनं ठोकत निघालो. चांगला पत्रा टणटण वाजतो, गंजलेला बद्द बोलतो. बाजूला टणटण. इंजिनाच्या मागं आलो आणि आवाज बसला. जाडी मोजायचं मीटर लावलं: २.१. पाव भाग झिजला की पत्रा बदलायचा असं आम्ही धरतो, इथं निम्मा गेलेला. टोकदार हातोडीचा एक ठोका जरा जोरात घातला, ती आरपार गेली. भोकातून खालचा गाळ दिसला.

आणि त्या भोकाला लागूनच एक चौकोनी ठिगळ होतं. वेल्डिंगची ओळ बघूनच ओळखलं. माझंच.

नऊ वर्षांपूर्वी दिवाळीच्या गर्दीआधी आबा घाईला आले होते. गंजका पत्रा कापून नवा बसवायला हवा होता. मी तो तसाच ठेवून आतून वर दुसरा चढवला. एका दिवसात काम, रोख पैसे. जुना पत्रा खालून पिचला, दोन पत्र्यांच्या मधे पाणी शिरलं आणि तिथंच मुरत राहिलं. ठिगळ शाबूत होतं, भोवतालचं सगळं त्यानं खाल्लं होतं. आबा माझ्याकडे बघत होते. मी सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "घाई माजीच हुती."

मग जरा थांबून आबाच म्हणाले, "मग आता पुरत्या तळालाच दुसरा पत्रा मारा की."

चार एमएमचा पत्रा चौरस मीटरला एकतीस किलोच्या वर भरतो. तळ चौदा चौरस मीटरचा धरला तर साडेचारशे किलो, म्हणजे सहा माणसं बिनतिकिटाची कायमची बसलेली. बारा माणसांची बोट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट उलटली, तेव्हापासून मी पत्र्याआधी वजन मांडतो. तळ कापून नवा घालावा म्हटलं, तर पत्रा ज्यावर बसतो त्या खालच्या लोखंडी अँगलचेही पोपडे निघत होते; त्यावर वेल्डिंग धरायचंच नाही.

नवी घ्या, हे बोलताना जीभ जड झाली. लोखंडाची करायची तर काम माझ्याच दुकानात येणार. म्हणून आधी फायबरचे भाव काढून या म्हटलं. पोरगा खूश झाला. आबांचं म्हणणंही खोटं नव्हतं: पाणी उतरलं की जुन्या झाडांचे बुंधे वर येतात, लोखंडाला पोचा येतो, फायबर फाटतं. इंजिन मात्र ठणठणीत होतं. ते नव्या बोटीत घालायचं, यावर बापलेकांचं त्या दिवशी पहिल्यांदा जमलं.

चहा घेताना पोरगा म्हणाला, पलीकडच्या गावात एकजण ही बोट गवत न्यायला मागतोय, भंगारापेक्षा जास्त देतोय.

आबांनी कप खाली ठेवला. "आज गवत नेईल. उद्या लगीन असलं की वऱ्हाड बसवील." माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, हातोडी द्या."

भोकाशेजारी आणखी चार भोकं पडेपर्यंत ते थांबले नाहीत.