पाच बाय सातचे न्हाणीघर : आठ आठवड्यांच्या कामाची नोंद

पुण्यातील १९८६ सालच्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचे घर आहे. त्यातील पाच फूट रुंद आणि सात फूट लांब न्हाणीघराचे काम मी आठ आठवड्यांपूर्वी हाती घेतले, आणि आता ते फरशीपर्यंत येऊन पोहोचले आहे. घरची दुरुस्ती स्वतः समजून घेऊन, जमेल तेवढी स्वतःच्या हाताने करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे. नव्वद हजार रुपयांपेक्षा अधिक खर्च करायचा नाही आणि पुढील पंचवीस वर्षे फरशी पुन्हा उकरावी लागू नये, या दोन अटी मी सुरुवातीलाच घालून घेतल्या होत्या. त्यामुळे पैसा टाइलांच्या वर घालायचा की खाली, याचा निर्णय पहिल्या दिवशीच घ्यावा लागला आणि मी तो खालच्या बाजूने घेतला.

कामाचे कारण खालच्या मजल्यावरील काकूंच्या छतावर होते. तेथे ओलीचा डाग गेली कित्येक वर्षे वाढत होता. दर उन्हाळ्यात आम्ही फरशीच्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरत असू आणि दर पावसाळ्यानंतर डाग पुन्हा दिसत असे. मधल्या काळात एकदा जुन्या फरशीवरच नवी फरशी बसवून घेतली होती. तो खर्च पूर्ण वाया गेला होता, हे आता उकरल्यावर कळले. काम सुरू करण्यापूर्वी मी काकूंच्या छतावर डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तिच्याशेजारी तारीख लिहून ठेवली. ज्यांच्या घरी गळतीचे काम निघणार आहे त्यांनी हे अवश्य करावे, कारण डाग वाढतो आहे की आटतो आहे हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही.

तोडकामाला पाच दिवस लागले. आमच्या न्हाणीघराखालचा स्लॅब आजूबाजूच्या खोल्यांपेक्षा नऊ इंच खाली आहे आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला होता. वरच्या फरशांचे दोन थर काढून केवळ वरवर नवा लेप द्यावा, कोबा तसाच राहू द्यावा, असा सल्ला मला दोघांनी दिला. तसे केले असते तर किमान आठ-दहा हजार रुपये वाचले असते. परंतु कोब्यात छिन्नी घातल्यावर आतल्या विटा हाताला ओल्या लागल्या, तेव्हा तो पूर्ण काढण्यावाचून दुसरा मार्ग नाही, हे स्पष्ट झाले. पाण्याने भरलेला कोबा नव्या लेपाखाली बंद केला असता तर तेच पाणी पुढची अनेक वर्षे खाली झिरपत राहिले असते आणि नवे काम फसले असे सर्वांना वाटले असते. राडारोड्याच्या सुमारे सत्तर गोण्या निघाल्या. त्या खाली उतरवणे, टेम्पो आणि तोडकामाची मजुरी मिळून साडेअकरा हजार रुपये झाले.

तळाशी पोहोचल्यावर गळतीचे मूळ सापडले. जुना नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीवरचे पाणी ज्यातून बाहेर जाते तो भाग, बिडाचा होता. तो आणि बाहेर जाणारा पाइप यांच्यामधला सिमेंटचा सांधा गोलाकार चिरला होता आणि त्याच्याभोवतीचा स्लॅब काळा पडला होता. म्हणजे दरवर्षी आम्ही ज्या सांध्यांत पांढरे सिमेंट भरत होतो त्यांचा या गळतीतील वाटा किरकोळ होता. अंघोळीचे पाणी ट्रॅपमध्ये व्यवस्थित उतरून मग त्याच्या खालून कोब्यात जात होते.

तळाच्या स्लॅबवर आणि खड्ड्याच्या चारही बाजूंना मी स्वतः पाणी अडवणारा दोन घटकांचा पॉलिमर-सिमेंट लेप दिला. पावडर आणि द्रव एकत्र करून ब्रशने लावण्याचे हे काम कठीण नाही, मात्र त्यात घाई चालत नाही. पृष्ठभाग ओलसर हवा, पण त्यावर पाणी साचलेले नको. मिश्रण अर्ध्या तासात संपेल एवढेच कालवावे, आणि दुसरा हात पहिल्या हाताच्या आडव्या दिशेने फिरवावा, म्हणजे ब्रशच्या रेघांत राहिलेली बारीक छिद्रे झाकली जातात. भिंत आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात आधी सिमेंट-वाळूचा गोलसर वाटा मारून घेतला, कारण काटकोनात लेप नेमका तेथेच पातळ बसतो आणि तेथेच फाटतो. खड्ड्याच्या बुडातून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप उतरतात त्या उभ्या मोकळ्या जागेत, एक इंची पीव्हीसीचा छोटा पाइप काढून ठेवला आहे. फरशीखाली द्यायचा वरचा लेप कधी काळी निकामी झाला आणि पाणी खड्ड्यात उतरले, तर ते काकूंच्या छताऐवजी या पाइपातून बाहेर येईल आणि आपल्याला दिसेल. यासाठी भिंतीला भोक पाडायला सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी लागली, ती आठ दिवसांत मिळाली.

नळकामाविषयी थोडक्यात लिहिते. भिंतीतले जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप कापले, तेव्हा अर्ध्या इंचाच्या पाइपात गंजामुळे पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच वाट उरली होती. गरम आणि थंड दोन्ही पाण्यासाठी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) पाइप घेतले आणि जेथे नळ बसणार आहेत तेथे पितळी आट्यांचे एल्बो वापरले. प्लास्टिकच्या आट्यांत नळ आवळताना एल्बो चिरतो, आणि तो चिरलेला टाइल लावल्यानंतर कळतो. गिलावा करण्यापूर्वी हातपंपाने दर चौरस सेंटिमीटरला सहा किलोचा दाब देऊन दोन तास काटा पाहिला. टाकी आमच्यापासून आठेक मीटर उंच असल्याने प्रत्यक्ष दाब एक किलोच्याही आत असतो, त्यामुळे ही चाचणी पुरेशी कडक आहे. पाइपातली हवा आधी काढली नाही तर काटा उगाच खाली येतो आणि गळती नसताना शोध सुरू होतो, एवढे लक्षात ठेवावे. नव्या ट्रॅपमध्ये नेहमी दोन इंच पाणी साठून राहते. दुर्गंधी आणि झुरळे अडवण्याचे काम तेच करते, म्हणून कमी खोलीचा स्वस्त ट्रॅप घेऊ नये.

उतार हा या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. गवंडीमामांची पद्धत अशी की खालचा कोबा सपाट करायचा आणि फरशी बसवताना मसाला कमी-अधिक करून उतार काढायचा. अशा फरशीवरचे पाणी दिसायला वाहून जाते, परंतु सांध्यांतून जे थोडे पाणी फरशीखाली उतरते ते खालच्या सपाट लेपावर साचून राहते आणि कुबट वास तेथूनच सुरू होतो. म्हणून खड्डा पुन्हा भरताना वरच्या लेपाखालच्या थरालाच दरवाजापासून ट्रॅपच्या कोपऱ्यापर्यंत सात फुटांत एक इंच, म्हणजे आठ सूत, उतार द्यावा असा आग्रह मी धरला. मामा पहिल्यांदा म्हणाले, “ताई, लेप तर झाकूनच जाणार, त्याला उतार कशाला?” मी तांब्यातून पाणी ओतून दाखवल्यावर मात्र त्यांनी पट्टी आणि लेव्हलनळी घेऊन दोरी बांधली आणि तो थर इतका नेटका काढला की संपूर्ण कामात त्यांच्या हाताचे कौशल्य मला तेथेच सर्वांत अधिक जाणवले.

यानंतर वरचा लेप. संपूर्ण जमीन, भिंतींवर एक फूट, आणि शॉवरच्या कोपऱ्यात सहा फुटांपर्यंत. शेवटच्या हातावर, तो ओला असतानाच, चाळलेली वाळू भुरभुरली, म्हणजे पुढे टाइलच्या चिकटमसाल्याला पकड मिळते. लेप सात दिवस सुकू दिल्यानंतर ट्रॅपला रबरी बूच लावून पाणी भरले. ट्रॅपपाशी दोन इंच आणि दरवाजापाशी एक इंच, एकूण सुमारे सव्वाशे लिटर. भिंतीला स्टीलची पट्टी चिकटवली आणि शेजारी पाण्याने भरलेली एक उघडी बादलीही खूण करून ठेवली. बादलीतले पाणी जेवढे आटेल तेवढेच जमिनीवरचे आटले, तर ते हवेत गेले असे समजावे. त्याहून अधिक कमी झाले तर ते कोठेतरी झिरपले.

चोवीस तासांनी बादली अर्धा सूतसुद्धा उतरली नव्हती आणि जमिनीवरचे पाणी तीन सूत उतरले होते. बुडाच्या खड्ड्याची अशीच चाचणी आधी निर्वेध पार पडली होती, त्यामुळे हा आकडा पाहून मी फार अस्वस्थ झाले. गवंडीमामांचे मत पाणी सोडून पुन्हा एक हात लेप मारावा असे होते. मी पाणी सोडले नाही, आणि तो निर्णय योग्य ठरला, कारण दुसऱ्या दिवशी पाणी आणखी जेमतेम एक सूत उतरले आणि तेथेच थांबले. पाणी थांबते त्या उंचीवर, किंवा तिच्या किंचित वर, गळतीचे ठिकाण असते. ट्रॅप दोषी असता तर पाणी संपूर्ण निघून गेले असते. खडूने ती पातळी चारही भिंतींवर आखली आणि त्या रेघेवर काय काय येते ते पाहत गेले. रेघ दरवाजाच्या जुन्या लाकडी चौकटीच्या पायापाशी आली, आणि बाहेरच्या पॅसेजमधल्या फरशीचा सांधा त्याच ठिकाणी गडद झालेला दिसला. उंबऱ्यापाशी आम्ही लेप चौकटीच्या लाकडापर्यंत आणून थांबवला होता. लाकूड पाण्याने फुगते आणि सुकल्यावर आक्रसते, त्यामुळे त्यावर सिमेंटचा लेप कधीच टिकून राहत नाही.

चौकट काढली. तिचा पाय तळाशी पूर्ण कुजलेला होता. तिच्या जागी ग्रॅनाइटची चौकट बसवायचे ठरवले. अंदाजपत्रकात नसलेले चार हजार आठशे रुपये यात गेले. परंतु चौकट बसवण्यापूर्वी लेप उंबऱ्याखालून आरपार आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या जाडीत एक फूट वर नेता आला, हा लाभ मोठा आहे. पुन्हा सात दिवस थांबून पाणी भरले. अठ्ठेचाळीस तासांनी बादली आणि जमीन या दोन्हींतले पाणी सारखेच उतरले होते. या एका चुकीने अडीच आठवडे गेले. या साऱ्या काळात आमच्या घरच्या अंघोळी काकूंच्या न्हाणीघरात चालू होत्या, ही गोष्ट मी कृतज्ञतेने नोंदवते.

टाइलांची निवड मी एका दुपारीच आटोपली. भिंतीला बारा बाय अठरा इंचांच्या साध्या पांढऱ्या सिरॅमिक टाइल, एकोणीस खोकी, आणि जमिनीला बारा बाय बाराच्या खरखरीत, न घसरणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल, चार खोकी. दोन्ही गुजरातमधील मोरबीच्या असून एकूण नऊ हजार एकशे चाळीस रुपयांत आल्या. जमिनीला मोठी टाइल दिसायला चांगली वाटते, मात्र कोपऱ्यातल्या ट्रॅपकडे दोन दिशांनी उतार द्यायचा तर ती तिरपी कापावी लागते. लहान टाइल उताराबरोबर आपोआप वळते. सर्व टाइल दातेरी थापीने पसरलेल्या चिकटमसाल्यावर बसवल्या, आणि त्यासाठी त्या पाण्यात भिजवल्या नाहीत, कारण भिजवणे हे सिमेंटच्या मसाल्यासाठी असते. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी मी लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल ठोकून पाहिली. पोकळ आवाज आलेल्या चार टाइल मामांनी कुरकुर न करता काढून पुन्हा बसवल्या. भिंतीची तळची ओळ जमिनीच्या टाइल झाल्यानंतर लावली, त्यामुळे भिंतीवरून उतरणारे पाणी सांध्यात न शिरता फरशीवर पडते. जमिनीला आणि शॉवरच्या कोपऱ्यात तीन फुटांपर्यंत सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा सांधेभराव) भरला, उरलेल्या भिंतींना साधा. भिंत आणि जमीन जेथे मिळतात तेथे ग्राउट न भरता सिलिकॉन दिले आहे, कारण त्या कोनात हालचाल होते आणि कडक ग्राउटला तेथे चीर पडते.

आजवर सत्त्याहत्तर हजार सहाशे चाळीस रुपये खर्च झाले आहेत. उरलेल्या बारा हजारांत नळ, दरवाजाची फळी आणि सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसवायचा आहे. बेसिन आणि पंधरा लिटरचा गीझर जुनेच वापरणार आहे. गीझर दोन किलोवॅटचा असल्यामुळे त्याच्यासाठी स्वतंत्र वायर, अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) मात्र नवा घेतला असून तो परवानाधारक वायरमनकडून लावून घेणार आहे. या ठिकाणी मी स्वतः हात घालणार नाही आणि इतरांनीही घालू नये, असे मला मनापासून वाटते. नळांच्या बाबतीत पितळी, वजनाला जड आणि ज्याचे स्पिंडल गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळते असा साधा नळ मी शोधत आहे. आपल्यापैकी कोणी दहा वर्षांहून अधिक काळ वापरलेला असा नळ सांगू शकले तर त्याचा मोठा उपयोग होईल.

डक्टमधला इशारा-पाइप मी रोज सकाळी पाहते. तो कोरडा आहे. काकूंच्या छतावरचा डाग पेन्सिलीच्या रेघेपासून चार बोटे आत सरकला आहे. रंगाची घाई करू नये, छत आतून पूर्ण सुकू द्यावे, असे मी त्यांना सांगितले असून रंगाचे काम दिवाळीनंतर करण्याचे आम्ही दोघींनी ठरवले आहे.