हिरवं कुलूप

बेसाल्ट खडकातल्या भूजलावर पीएच.डी. करायची ठरवली, तेव्हा उन्हातान्हात विहिरींची पातळी मोजणं जड जाईल असं वाटलं होतं. अडलं ते वाचनात. हवा तो शोधनियतकालिकातला लेख उघडावा, तर गोषवारा तेवढा दिसायचा आणि खाली किंमत, चाळीसेक डॉलर. एका लेखाची! तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याने हे पैसे आणायचे कुठून?

पहिलं वर्ष ‘शोधगंगे’वर निभावलं. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात आणि त्यांच्या संदर्भसूचीतून पुढची वाट सापडते. मग विद्यापीठातल्या ग्रंथपाल मॅडमनी माझ्या ब्राउझरमध्ये ‘अनपेवॉल’ टाकून दिलं. लेखाची मोफत प्रत कुठे रीतसर ठेवलेली असेल, तर पानाच्या कडेला हिरवं, उघडं कुलूप दिसतं. ते दिसलं की अजूनही जीव हरखतो. कुलूप राखाडी असेल तर थेट लेखकालाच मेल करायचा: आपण कोण, कशावर काम करतोय, कोणता लेख हवाय. चार ओळी पुरतात. बऱ्याच जणांनी प्रत पाठवली. एका प्राध्यापकांनी तर न मागता आलेखांमागची आकडेवारीही जोडली होती.

जानेवारी 2025 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं. प्रत्येक विद्यापीठाने वेगळी वर्गणी भरण्याऐवजी केंद्र सरकार सगळ्यांची मिळून भरतं. मी राज्य विद्यापीठाचा संशोधक विद्यार्थी, म्हणून मला ती लागू झाली. दोन वर्षं हुलकावणी देणारा लेख त्या संध्याकाळी उघडला आणि मी तो तिथेच, उभ्याउभ्या वाचून काढला.

पण मी शिकवतो ते महाविद्यालय विनाअनुदानित आहे आणि योजना सरकारी संस्थांपुरती. म्हणजे विद्यार्थी म्हणून मला जे वाचता येतं, ते माझ्याच वर्गातल्या मुलांना येत नाही. पैसा जनतेचा आहे, मुलंही याच जनतेची आहेत. पुढचा करार होईल तेव्हा ही महाविद्यालयं त्यात यायलाच हवीत, असं मी भेटेल त्याला सांगतो.

तोवर दर शनिवारी लॅबमध्ये मुलांना लेखकांना मेल लिहायला बसवतो. परवा तृतीय वर्षाच्या एका मुलीला उत्तर आलं. “सर, पीडीएफ आली!” म्हणत ती मोबाइल घेऊन धावत स्टाफरूमपर्यंत आली होती.