परसातले तळे आणि त्याचा काठ

परसात तळे खणणे एक वेळ सोपे; ते तिथे मुळापासूनच होते असे वाटायला लावणे अवघड. पहिल्या खेपेला मी एकसारखे गोटे काठाभोवती माळेसारखे मांडले होते आणि त्यांच्या फटींतून काळे प्लास्टिकचे अस्तर असे डोकावत राहिले, की पाहुण्यांची नजर पाण्याआधी त्याच्यावरच जाई. दुसऱ्या खेपेला लहानमोठे दगड मिसळले, चपट्या फरश्या पाण्यावर चार-पाच सेंटिमीटर पुढे काढून बसवल्या आणि त्यांच्या सावलीत अस्तराची कड दिसेनाशी झाली. मात्र त्याआधी काठ सगळीकडून एका पातळीत आहे ना, हे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासून घ्यावे. एक बाजू बोटभर जरी उंच राहिली, तरी तिथले अस्तर कायमचे उघडे पडते.

खणतानाच आतल्या बाजूला २० ते ३० सेंटिमीटर खोलीवर पायरी ठेवली, तर काठालगतच्या पाणवनस्पतींच्या कुंड्या तिच्यावर नीट बसतात. कुमुदिनीला संथ पाणी आणि रोज पाच-सहा तास ऊन लागते, शिवाय पानांवर सतत उडणारे तुषार तिला सोसत नाहीत, म्हणून माझे कारंजे दुसऱ्या टोकाला आहे. तिच्या पानांनी निम्मे पाणी झाकले, की शेवाळाचाही जोर ओसरतो. जलपर्णीची जांभळी फुले कितीही मोहक असली, तरी ती भराभर पसरून सारे तळे गिळते, त्यामुळे तिला माझ्याकडे थारा नाही. डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त गप्पी मासे करतात.