आधी शेवाळाला जेवू घाला: आमची वाटचाल

"शेवाळ काढून टाकायला लोक पैसे मोजतात, आणि तू ते विकणार?" धंदा सुरू करताना हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की माझं उत्तर पाठ झालं होतं. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये शेवाळ येणारच. ते काचेवर आणि कोरलवर यायचं, की आपण नेमून दिलेल्या कप्प्यात, एवढंच काय ते आपल्या हातात असतं.

त्या कप्प्याचं नाव रिफ्यूजियम. टँकखालच्या सम्पचा, म्हणजे टँकचं पाणी ज्यातून फिरून वर जातं त्या खालच्या टाकीचा, एक भाग अडवायचा, त्यात समुद्री शेवाळ सोडायचं, वर दिवा लावायचा. माशांची विष्ठा आणि उरलंसुरलं खाद्य यांतून तयार होणारं नायट्रेट आणि फॉस्फेट ते शेवाळ शोषून घेतं. त्याच्या गुंत्यात कोपेपॉड, ॲम्फिपॉड असे बारीक जीव निर्धास्त वाढतात आणि पंपाबरोबर थोडे थोडे वर जातात. मँडरीनसारखा मासा त्यांच्यावरच जगतो. आम्ही त्या कप्प्यासाठी शेवाळ वाढवतो. दुसरं काही विकत नाही.

सुरुवात माझ्याच टँकपासून झाली. केसाळ शेवाळाने उच्छाद मांडला होता. एका जुन्या शौकिनाने मूठभर कीटोमॉर्फा हातावर ठेवलं. सगळे त्याला कीटोच म्हणतात. नायलॉनच्या दोऱ्याचा हिरवा गुंता असावा तसं दिसतं, आणि दाबलं की कुरकुरतं. दोन महिन्यांत त्या मुठीची बादली झाली. बादली वाटून संपली तरी मागणारे संपेनात, तेव्हा मेहुण्याला गाठलं. तो रसायनशास्त्र शिकलेला, मी हिशेबातला. मागच्या खोलीत आठ टब मांडले आणि फर्म झाली.

पहिल्या खेपेला आम्ही फार स्वच्छपणे वागलो. ताजं कालवलेलं मीठपाणी, खारटपणा मोजून हजारी ३५, तापमान २५ अंश, दर आठवड्याला पाणी बदल. तीन आठवड्यांत कीटो आधी पोपटी, मग पिवळट, मग पांढरं पडलं. दोरा चिमटीत धरला की कुरकुरायच्या ऐवजी बोटावर लगदा होऊन बसायचा. आम्ही घाबरून पाणी आणखी बदललं, दिवे वाढवले. जितकी सेवा केली तितकं ते लवकर गेलं.

फक्त कोपऱ्यातला आठवा टब हिरवागार होता. त्याची देखभाल कुणीच करत नव्हतं. नव्या माशांच्या क्वारंटाइन टँकमधलं, अजून औषध न घातलेलं पाणी मोरीपर्यंत नेण्याचा कंटाळा म्हणून मी त्यात ओतत होतो. मेहुण्याने त्या टबाचं नायट्रेट मोजलं, मग इतर सात टबांचं, आणि टेस्ट किटची नळी माझ्यासमोर धरली. पाणी नितळ, रंगाचा मागमूस नाही, म्हणजे नायट्रेट शून्य. म्हणाला, "दाजी, बाकीच्या सातांना आपण उपाशी मारतोय."

तेव्हापासून टबांच्या वहीत खताचा रकाना आला. नायट्रेट १० पीपीएमच्या आसपास, फॉस्फेट ०.१, आणि जोडीला किंचित लोह. पुढच्या खेपेला आठही टब भरले.

माल विकला जायला लागला आणि तक्रारी सुरू झाल्या. "तुमचं कीटो दोन आठवड्यांत विरघळलं." आम्ही बदली माल पाठवायचो, तोही विरघळायचा. घाट्याचा धंदा. शेवटी प्रत्येक तक्रारदाराकडून पाण्याचे आकडे मागवले, तर बहुतेकांची एकच गोष्ट निघाली: नायट्रेट शून्य, फॉस्फेट मात्र ०.२ किंवा त्याहून वर. फॉस्फेट उतरावं म्हणूनच त्यांनी शेवाळ घेतलं होतं.

याचं गणित १९८३ मध्येच मांडलं गेलं आहे. ॲटकिन्सन आणि स्मिथ या दोघांनी समुद्रतळाच्या वनस्पतींमधली कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची प्रमाणं तपासली, तेव्हा मध्यम आकडा ५५०:३०:१ असा आला. म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे तीस. टेस्ट किटच्या, म्हणजे वजनाच्या भाषेत सांगायचं, तर एक भाग फॉस्फेट उचलायला शेवाळाला जवळजवळ वीस भाग नायट्रेट लागतं. नायट्रेट संपलं की वाढ थांबते, मग फॉस्फेट कितीही पडून असो. पीठ आहे पण पाणी नाही, तर कणीक मळणार कशी?

हे फोनवर पटवणं मात्र महाकठीण. एक गृहस्थ तर चिडलेच.

"अहो, मी वर्षभर नायट्रेट कमी करण्यात घालवलं, आणि तुम्ही ते विकत घेऊन टाकायला सांगताय?"

"थोडंच टाका. पाचवर आणून ठेवा. पंधरा दिवसांनी फॉस्फेट मोजा."

"आणि टँक बिघडला तर?"

"एकदम टाकू नका, रोज थोडं थोडं वाढवा. तोवर माझ्याकडून कीटो घेऊ नका."

त्यांनी फोन ठेवला. महिनाभराने आकड्यांचा फोटो आला, खाली एक अक्षर नाही: नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०८. त्या दिवशी आम्ही नियम केला की आकडे पाहिल्याशिवाय माल द्यायचा नाही. ज्यांचं दोन्ही शून्य आहे त्यांना सरळ नाही म्हणतो. तिथे शेवाळ तगत नाही, उलट अशा रिकाम्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशी जीवांचा चिकट तपकिरी थर माजायचा धोका असतो. विक्री काही महिने खाली आली. मेहुण्याने तोंड उघडलं नाही, पण वही वारंवार उघडत होता.

दुसरी अडचण कापणीची. लोकांचा कात्री लावायला हात धजत नाही. "किती छान भरलंय!" म्हणून कप्पा ठासून भरू देतात. मग आतल्या दोऱ्यांना उजेड मिळत नाही, ते कुजतात आणि खाल्लेलं सगळं पाण्यात परत ओततात. नायट्रेट-फॉस्फेट टँकबाहेर जातं ते शेवाळ बाहेर गेल्यावरच. मी सांगतो की तिसरा हिस्सा काढा, निर्दयपणे. उरलेला गोळा सोडवून झटका, आत अडकलेला गाळ पडू द्या आणि पंपाच्या झोतात तो फिरता ठेवा, म्हणजे सगळ्या बाजूंना उजेड लागेल.

दिव्याबद्दल फार लिहीत नाही. लाल आणि निळा भरपूर असलेला, झाडांसाठीचा एलईडी चालतो. तो मुख्य टँकचे दिवे बंद असताना, म्हणजे रात्री लावावा. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, सगळ्यांचा श्वास चालू राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच घसरतो. खालचं शेवाळ जागं असेल तर घसरण कमी होते.

कॉलर्पा हे दुसरं समुद्री शेवाळ मात्र आम्ही कायमचं बंद केलं, आणि ते एका सकाळमुळे. दिसायला ते कीटोपेक्षा कितीतरी देखणं, पिसांसारखी पानं, वाढही झपाट्याची. आदल्या संध्याकाळी पानांवर फिकट जाळी दिसत होती, मी मनावर घेतली नाही. सकाळी दार उघडलं तर टबातलं पाणी हिरवट दुधासारखं, पानं काचेसारखी पारदर्शक, आणि वास असा की खिडकीकडे धावलो. अख्खं कॉलर्पा म्हणजे असंख्य केंद्रकं असलेली एकच पेशी. प्रजननाची वेळ आली की आतलं सगळं प्रजननपेशी बनून बाहेर पडतं, मागे नुसतं टरफल उरतं. त्याच पाण्यावर जोडलेला आमचा छोटा टँक होता. प्राणवायू संपून त्यातले दोन मासे गेले. गिऱ्हाइकाच्या घरी हे झालं असतं तर?

शिवाय त्याच्या एका तुकड्याची ताकद जगाने पाहिली आहे. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा दिसला होता; पुढे ते भूमध्य समुद्रात दूरवर पसरलं. २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात सापडलं, तेव्हा ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडावं लागलं. पूर्ण उच्चाटन झाल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं. म्हणून आमच्या प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी असते: कापलेलं शेवाळ वाळवून कचऱ्यात टाका, गटारात, खाडीत, समुद्रात नको.

पाकीट म्हटलं तर, कीटो पाण्यात बुडवून पाठवणं आम्ही सोडलं. खाऱ्या पाण्याने ओलावलेल्या कागदात गुंडाळून, पिशवीत हवा ठेवून दिलं की प्रवास सोसतं आणि पिशवी फुटायची धास्ती नाही. गोड्या पाण्याने धुऊ नका, आतले ॲम्फिपॉड मरतात. पाकीट बांधण्याआधी मेहुणा प्रत्येक गोळा पांढऱ्या ट्रेमध्ये पिंजून बघतो. ऐप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल किंवा टँकभर पसरणाऱ्या बुडबुडा शेवाळाचा एक मणी जरी दिसला, तरी तो गोळा विक्रीतून बाद.

सध्या ग्रॅसिलेरिया या लाल शेवाळाशी भांडण चालू आहे. टँग या शेवाळखाऊ माशांना ते जीव की प्राण, त्यामुळे मागणी मोठी. पण ते कीटोपेक्षा सावकाश वाढतं, आणि तोवर त्याच्या फांद्यांवर केसाळ शेवाळ घर करतं. झोत वाढवून पाहिला, खत कमी करून पाहिलं, दिव्याचे तास उतरवले. तीनपैकी एका टबात जरा फरक आहे, बाकीचे दोन आम्ही रोज संध्याकाळी जुन्या टूथब्रशने घासतो. ज्यांनी नाव नोंदवून ठेवलं आहे त्यांनी अजून थोडं थांबावं.