वेली गुलाब तारेवर: ऑक्टोबर ते जुलैच्या नोंदी

रोप: क्लाइंबिंग आइसबर्ग, तिसरे वर्ष. जागा: कोल्हापूर, पूर्वेकडे तोंड असलेली विटांची भिंत, उंची ७ फूट, लांबी १६ फूट. पश्चिमेची भिंत मुद्दाम टाळली. एप्रिल-मेमध्ये ती रात्रीपर्यंत तापलेली राहते आणि लाल कोळी (पानांचा रस शोषणारी कीड) आधी तिथेच येतो.

ऑक्टोबर, पहिला आठवडा

तारेच्या पाच ओळी. पहिली जमिनीपासून दीड फुटावर, पुढच्या सव्वा-सव्वा फुटावर. १२ गेजची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार टोकांचे पीळ धरून ९० फूट, म्हणजे साधारण सव्वा किलो लागते. ओळीला चार प्रमाणे २० हुक. हुक भिंतीबाहेर साडेतीन इंच राहिलाच पाहिजे. तार भिंतीला चिकटली की मागे हवा खेळत नाही, मग पावसाळ्यात काळे ठिपके आणि थंडीत भुरी, हे दोन्ही बुरशीचे रोग. शिवाय बांधायला मागे हात जात नाही. उद्यमनगरात (कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात) सळईचे हुक करून मिळतात, फक्त बसवण्याआधी रेड ऑक्साइडचे (गंजरोधक रंगाचे) दोन हात द्यावेत.

भोक विटेत पाडायचे, सांध्यात नाही. सांध्यातला हुक पहिल्या ताणालाच सैल होतो. टर्नबकल (तार ताणायचा फिरकी आकडा) ओळीच्या एकाच टोकाला पुरतो. तार झोळ न पडण्याइतकीच ताणायची. सतारीसारखी वाजायला लागली तर टोकाचे हुक बाहेर येणार.

ऑक्टोबर, तिसरा आठवडा

जुन्या सगळ्या गाठी सोडल्या. सात काड्यांपैकी सर्वांत जुनी बुडातून करवतीने काढली, सहा ठेवल्या. बाजूच्या फुटी दोन-तीन डोळे (फुटव्याच्या कळ्या) ठेवून कापल्या. मुख्य काड्यांची टोके तशीच. बुटक्या गुलाबासारखी सरसकट छाटणी इथे करू नये. आइसबर्ग मूळचा झुडपी, त्याच्या या वेली रूपाला लहानपणी खोल कापले तर ते पुन्हा झुडपाच्या वळणावर जाऊ शकते.

मग काड्या आडव्या. उभ्या काडीत टोकाचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, म्हणून फुले फक्त शेंड्याला येतात आणि ती शेजाऱ्यांना दिसतात. काडी आडवी झाली की जवळपास प्रत्येक डोळा फुटतो. सकाळी काडी पाण्याने भरलेली असते, तडकते; वाकवण्याचे काम दुपारनंतर. जाड काडी एका दिवसात खाली आणू नये. आज ४५ अंश, दहा दिवसांनी पुढची तार. अर्धवट चिरलीच तर कापडाची पट्टी आवळून तशीच ठेवावी, बहुतेकदा जगते.

बांधणी

वेल म्हणतो, पण याला काकडीसारखे ताणे नाहीत की गोकर्णासारखा विळखा नाही. सगळा भार आपल्या गाठींवर. गाठ इंग्रजी आठच्या आकड्यासारखी: आधी तारेला पक्का वेढा, मध्ये पीळ, मग काडीभोवती सैल फास. फासात करंगळी जायला हवी. दर फूट-सव्वा फुटावर एक गाठ.

जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या सर्वांत चांगल्या. सुतळी पावसाळ्यात कुजते, म्हणजे वर्षाने बदलावीच लागते. हा दोष नाही. त्या निमित्ताने गाठी तपासल्या जातात. सायकलच्या ट्यूबची पट्टी उन्हात चिरते. बाइंडिंग वायर कधीच नको, काडी जाड झाली की ती सालीत रुतते आणि पुढचा भाग वाळतो.

काडी नेहमी तारेच्या पुढच्या बाजूला. मागून-पुढून विणली की दिसायला छान, पण पुढच्या वर्षी तुकडे केल्याशिवाय निघत नाही.

मे

वळवाच्या आधी एक फेरी. वाऱ्यात काडी तारेवर घासते, तिथे साल जाते; अशा जागी दोन्ही बाजूंना जादा गाठ. बुंध्यापासून चार बोटे सोडून उसाच्या पाचटाचे आच्छादन.

जुलै

बुडातून दोन नव्या फुटी. एका पानात सात पर्णिका (छोटी पाने), म्हणून रानफूट (कलमाखालच्या जंगली खुंटाची फूट) समजून अनेक जण कापतात. वेली गुलाबाला सात पर्णिकांची पाने सर्रास येतात. फूट डोळा भरलेल्या (कलमाच्या) जागेच्या खालून आली आहे का, एवढेच पाहायचे. खालून असेल तर ओढून काढायची. या दोन्ही वरून आहेत. सध्या त्या कोवळ्या, हात लावला की बुडातून निखळतात, म्हणून बांबूच्या काठीला उभ्याच, सैल बांधल्या आहेत. ऑक्टोबरपर्यंत पेन्सिलीइतक्या कडक झाल्या की पहिल्या दोन तारांवर.