आतून अडवलेला स्क्रू

जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफल. रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात पुढेमागे सरकतो त्या पोलादी अंगाच्या, उजव्या बाजूला दोन स्क्रूंवर पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायचं साधन. मालकाला दुर्बीण बसवायची आहे आणि साइटचा आडवा हात नेमका तिथेच येतो. काम एवढंच, पण त्याने तीन दिवस खाल्ले आणि अजून डोक्यातून गेलेलं नाही.

रायफल रिकामी असल्याची खात्री चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीत, बोट घालूनच करायची, मग बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता दांडा, काढायचा. लाकडी दस्ताही उतरवायचा, कारण पुढे वापरायचं ॲसिटोन त्याचं पॉलिश खाऊन टाकतं. साइटची वरखाली सरकणारी पट्टी आधी काढावी लागते, कारण बहुतेक वेळा एक स्क्रू तिच्याखाली लपलेला असतो. तो न दिसल्यामुळे साइटच्या पायाखाली छन्नी घालून उचकटणारे लोक मी पाहिले आहेत. पट्टी काढण्यापूर्वी तिच्यावरच्या खुणांचा फोटो घ्यावा. साइट पुन्हा बसवायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

हे स्क्रू ६-४८ मापाचे: व्यास साधारण साडेतीन मिलिमीटर, एका इंचात ४८ आटे. रिसीव्हरची भिंत चार मिलिमीटर धरली तर जेमतेम सात-आठ आट्यांची पकड. तरीही गंज आणि वाळून लाखेसारखं झालेलं तेल मिळून त्यांना असे धरून ठेवतात की जोर दिला तर आधी डोकं तुटतं.

पुढच्या स्क्रूची खाच आधीच कुणीतरी बिघडवून ठेवली होती. घरगुती स्क्रूड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं निमुळतं असतं. जोर दिला की ते खाचेतून वर चढतं आणि कडा सोलतं. बंदुकीच्या स्क्रूला दोन्ही बाजू समांतर घासलेलं पातं लागतं, जाडी खाचेइतकी, रुंदी डोक्यापेक्षा केसभर कमी. खाच फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली, ०.८ मिलिमीटर भरली. त्या मापाचं पातं घासून घेतलं. खाचेच्या वर आलेल्या कडा गुळगुळीत पंचने हलके ठोकून परत आत बसवल्या. या कामाला अर्धा तास जातो आणि तो वाचवू नये.

ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून दोन दिवस थेंब-थेंब सोडत राहिलो. मागचा स्क्रू सुटला. पुढच्यासाठी रिसीव्हर चामडं लावलेल्या व्हाइसमध्ये धरून ड्रिल प्रेसखाली घेतला, प्रेसचा विजेचा प्लग काढला, चकमध्ये (ड्रिल धरणाऱ्या जबड्यात) पातं बसवलं आणि खाली दाब ठेवून चक हाताने फिरवला. असा दाब असला की पातं खाचेतून उसळत नाही. आधी किंचित आवळायचा, मग सैल करायचा. हलला नाही. सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर तीन मिनिटं टेकवून पुन्हा प्रयत्न केला. गॅसची टॉर्च मात्र रिसीव्हरवर कधीच धरत नाही. पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरलं तर ते परत येत नाही. स्क्रू आता स्प्रिंगसारखा पीळ खाऊ लागला होता. ही तुटण्याआधीची खूण. तिथे हात थांबवला.

उलट दिशेने फिरणारं २.४ मिलिमीटरचं ड्रिल काढून ठेवलं होतं. अडकलेल्या स्क्रूत भोक पाडून आत रुतवायचा निमुळता एक्स्ट्रॅक्टर मी या मापात वापरत नाही. तो स्क्रू आतून फुगवून आणखी आवळतो, आणि आत तुटला तर त्या कडक तुकड्याला साधं ड्रिल लागत नाही. ड्रिल लावण्याआधी बाजूला ठेवलेला बोल्ट सहज उजेडात फिरवला, तर त्याच्या अंगावर लांबीच्या दिशेने एक बारीक चकचकीत रेघ होती. बोल्ट कशाला तरी घासत होता.

छोटा आरसा आणि दिवा रिसीव्हरच्या आत नेला. स्क्रू मुळात लांब होता. तो बाहेर काढून टोक कापायचं सोडून कुणीतरी तो जागेवर असतानाच आतून कानस मारली होती. धातूची ओठासारखी कड भोकाच्या काठावर वळून बसली होती. बाहेरून कितीही तेल घातलं असतं तरी या कडेला काही होणार नव्हतं. ड्रिलने डोकं उडवलं असतं तरी मागे उरलेला तुकडा तिथेच अडकला असता, आणि जोर लावून ओढला असता तर त्या कडेने रिसीव्हरचे आटे सोबत ओरबाडून नेले असते.

अर्धगोल सुई-कानशीने फक्त स्क्रूचं टोक उतरवलं, भिंतीला धक्का न लावता, साधारण पाव मिलिमीटर. आतूनही तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पुन्हा आयर्न लावलं. बारीक ‘टक्’ झालं आणि स्क्रू फिरला.

भोकांत ६-४८ चे बिनडोक्याचे स्क्रू बसवले, टोकं आधीच कमी करून, आणि बोल्ट कुठेही न घासता पुढेमागे जातो हे पाहून. साइटच्या पायाखालचं मूळ ब्लूइंग (पोलादावरचा गंजरोधक निळा थर) अजून गडद निळं आहे, भोवतीचं तपकिरी पडलंय. तो पाया-आकाराचा निळा ठसा पुसून सगळं नव्याने रंगवावं का, असं मालक विचारत होता. मी नको म्हणालो. मूळची साइट, सरकपट्टी आणि दोन्ही स्क्रू तेलकट कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिले.